काळभाताचे डॉक्टर

"आधी नाक, मग तोंड," असं म्हणून ते समोरचा डबा उचलायचे, डोळे मिटायचे आणि वास घ्यायचे. डबा त्यांचा असो की माझा. स्टाफरूममध्ये नव्यानं आलेल्याला वाटायचं, यांना भाजी विटल्याचा संशय आलाय.

नगरच्या आमच्या कॉलेजात, वनस्पतिशास्त्र विभागात, ते पोस्टडॉक्टरल फेलो म्हणून आले. पीएचडीनंतरच्या संशोधनासाठीची ही फेलोशिप आमच्याकडे पहिल्यांदाच आली होती. विद्यार्थी म्हणावं तर कानशिलावरचे केस पिकलेले, प्राध्यापक म्हणावं तर मस्टरवर नाव नाही. असं अधांतरी माणूस तुम्हीही कुठल्यातरी ऑफिसात पाहिलं असेल. विभागातल्या मावशींनी तर सरळ विचारलं, "पीएचडी झाली म्हन्ता, मग परत कालिजात कशाला? नापास झालात का काय?"

"पास झालो, म्हनून अजून शिकू देत्यात," ते म्हणाले. मावशींना पटलं नाही, पण तेव्हापासून त्यांच्या चहात साखर जास्त पडू लागली.

ते मूळचे शेवगावचे, घरी कापडाचं दुकान. भाताशी आमचा संबंध बिर्याणीपुरता, असं तेच सांगायचे. ईदला त्यांची अम्मी इतका शीरखुर्मा पाठवायची की वाट्या पुरायच्या नाहीत. असा माणूस अकोले तालुक्याच्या डोंगरातल्या काळभातामागे का लागला कोण जाणे. तो भात शिजताना घमघमतो. तोच आपल्या सपाटीच्या उन्हात पिकवला तर वास टिकतो का, एवढंच त्यांना शोधायचं होतं. म्हणून एक वाफा डोंगरात आणि एक कॉलेजमागे.

पहिल्या वर्षी डोंगरातलं पीक रानडुकरांनी खाल्लं. "त्यास्नीबी वास आला आसंल," म्हणून हे हसले. दुसऱ्या वर्षी दोन्हीकडे पिकलं, पण वाफे केवढेसे. कांडून दर वाफ्याचा एक, असे दोन डबे तांदूळ निघाला. फेलोशिपचं ते शेवटचं वर्ष, आणि निकाल तपासणी समितीसमोर लागणार होता. जगाचा वास घेणाऱ्या या माणसानं ते डबे मात्र न हुंगताच विभागातल्या कपाटात ठेवले. "आपलं नाक आपल्याच बाजूनं बोलतं मॅडम. परक्याचं नाक पायजे."

पाहुणे आले की विभागातच रांधायचं, ही आमची जुनी रीत. समितीबरोबर दोन माणसं जास्त आली. तांदूळ पुरेना, म्हणून मावशींनी कपाट उघडलं, दोन डबे पाहिले आणि एकाच कुकरमध्ये ओतले.

पडद्यावर आकडे दाखवत असताना ते मध्येच थांबले. दारातून वास येत होता. डोळे मिटून ते माझ्याजवळ वाकले. "मॅडम, आपला निकाल शिजतोय."

मी धावले. काय झालं ते कळल्यावर मावशी म्हणाल्या, "समदं वाया घालवलं म्या." मागून हे आले. "मावशी, आधी वाढा. गार झाला तर खरंच वाया जाईल."

समितीच्या अध्यक्षांनी पुन्हा भात मागून घेतला. "वास उत्तम आहे हो. पण कुठल्या वाफ्याचा?"

"ते आता भातालाच म्हाईत, सर. एक वर्ष वाढवून द्या, सांगतो."

अध्यक्षांना हसताना ठसका लागला. वर्ष मिळालं.

पुढच्या हंगामात कपाटाची किल्ली मावशींच्या कमरेला होती. तांदूळ आला, दोन पातेल्यांत वेगळा शिजला. गणित विभागातल्या, कशातच काही न कळणाऱ्या लोकांना वास घ्यायला बोलावलं. डोंगरातल्या भातानं व्हरांडा भरून गेला. कॉलेजमागच्या भाताला रेशनच्या तांदळाइतकाही वास नव्हता.

मला फार वाईट वाटलं. तीन वर्षं राबून शेवटी नाही असंच उत्तर. आणि हे पेढे आणायला निघालेले.

"अहो, जमलं कुठं?" मी म्हटलं.

"न्हाई जमलं तेच लई बरं झालं, मॅडम. डोंगरात हा भात लावणाऱ्या बाया दर साली विचारायच्या, आमचा भात तुमी खाली न्हेऊन पिकवला, तर आमच्याकडं कोन येईल? मला त्याचं उत्तर देता येत नव्हतं."

फेलोशिप संपली. आता ते लांबच्या एका विद्यापीठात शिकवतात. जायच्या दिवशी मी आणि मावशी त्यांना सोडायला स्टँडवर गेलो. शेवगावची गाडी लागलेली होती, अम्मीचा दोनदा फोन येऊन गेला होता. मावशींनी त्यांची बॅग त्या गाडीत ठेवली. त्यांनी ती उतरवून घेतली आणि पेढ्यांचा पुडा सांभाळत ते डोंगराकडं जाणाऱ्या अकोल्याच्या गाडीत चढले.