दिवाळीच्या आधीचं विज्ञान

"सर, हे दिवाळीच्या आधीचं हाय का नंतरचं?"

विज्ञानातली कुठलीही गोष्ट कानावर पडली, की पदराला हात पुसत मावशींचा हा पहिला प्रश्न. आधीचं असेल तर कमरेवर हात ठेवून असं घडाघडा सांगायच्या, की माझी दहावीची हुशार पोरं खाली बघायची. नंतरचं असेल तर पळी वर करायच्या. "मंग ते आपल्या हद्दीत न्हाई."

मावशी आमच्या शाळेत खिचडी शिजवायच्या. शाळा पिंगळीच्या पुढे एका गावात. नाव सांगत नाही, मी काय लिहीन याची हेडमास्तरांना आधीच धास्ती आहे. स्वयंपाकाची पत्र्याची खोली दहावीच्या वर्गाला चिकटून, मधे एक खिडकी. तिच्यातून फोडणीचा ठसका वर्गात यायचा आणि माझा आवाज तिकडे जायचा. ठसक्याने पोरं खोकायची. माझ्या आवाजाने कुणी शिकतंय, हे मात्र मला दोन वर्षं कळलं नाही.

एकदा गुरुत्वाकर्षण शिकवत होतो. चंद्रावर आपलं वजन किती भरेल, असं विचारलं. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. तेवढ्यात खिडकीतून आवाज आला, "सहावा हिस्सा! पर वस्तुमान तेवढंच ऱ्हातंय. गेल्या साली तुमीच सांगितलं व्हतं की, सर."

पोरं खो खो हसली. मीही हसलो, जरा ओशाळून.

मग एकेक कळत गेलं. मावशींचे आईवडील ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की लेकरांसकट ट्रकमध्ये, परत यायचे ते गुढीपाडव्याच्या आसपास. त्यामुळे पाचवीपासून नववीपर्यंत प्रत्येक पुस्तक त्यांनी दिवाळीपर्यंतच वाचलं. नववीनंतर लग्न झालं, तर सासरही ऊसतोडीचंच. आमच्याकडे जून ते दिवाळी त्या खिचडी करायच्या, पुढे पळी सासूबाईंच्या हातात. म्हणजे खिडकीतूनसुद्धा बिचारीच्या वाट्याला पुन्हा अर्धंच आलं. तेही दरवर्षी तेच ते.

मी चिडवायचो. "मावशी, तुमचं विज्ञान एका पायावर उभं आहे."

"तुमचं दोन पायावर हाय, पर चूल कुठं पेटवता येतीय तुमाला?" हेही खरंच होतं.

एका जूनमध्ये त्या स्टाफरूमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "सर, मला सतरा नंबर भरायचाय." बाहेरून दहावीला बसायचा तो फॉर्म. मला वाटलं, हौस असेल. पण तसं नव्हतं. त्या ज्या कारखान्यावर तोडीला जात, तिथं मजुरांच्या लेकरांसाठी साखरशाळा होती. तिथं पोरांना सांभाळायला आणि शिकवायला बाई हवी होती, पण दहावी पास.

"पास झाले तर कोयता खाली ठिवते," मावशी म्हणाल्या, "न्हाई झाले तर हायेच तो जन्माला." बोलल्या हसतच. पण त्यांच्या हातांवर उसाच्या पाचटाने चिरलेल्या रेघा होत्या, त्या दरवर्षी पावसाळाभर बुजायच्या आणि थंडीत पुन्हा उमटायच्या.

बाकीच्या विषयांची त्यांना फिकीर नव्हती. भीती एकाच विषयाची. माझ्याच.

दिवाळी झाली. पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घालून मावशी ट्रकमध्ये बसल्या. जाताना बजावलं, "नंतरचं तेवढं फोनवर बोलून धाडा."

मी हुशारीने चार धडे अकरा मिनिटांत बोलून पाठवले. दुसऱ्या दिवशी बैलांच्या घुंगरांच्या आवाजात उत्तर आलं. "सर, तुमी लय भरभर सांगायलाव. आमचा मुकादमबी इतकी घाई करत न्हाई."

पुन्हा बोललो. पुन्हा उत्तर. "ह्याच्यात तुमी तीनदा मनलाव, हे सोपं हाय. सोपं हाय तर सांगा की!"

आणि मग जानेवारीत तो निरोप आला. तो मी अजून पुसलेला नाही. "सर, सासूबाईला मनलं, वर्गात भिंगाचा धडा निघाला की खिडकीपाशी फोन धरा. तर त्या मनल्या, अगं, दिवाळीपास्नं तिकडून एकच आयकू यायलंय, घरी वाचा, घरी वाचा! मंजी सर, मी इतकी वर्सं उगंच जीव जाळला. गावात मागं ऱ्हायलेल्या लेकरांलाबी कुणी काई सांगितलंच न्हाई की!" आणि त्या मनापासून हसल्या. टोमणा नव्हता त्यात. असता तर बरं झालं असतं.

तुमच्यापैकी कुणी मास्तर असाल तर तुम्हाला ठाऊक आहे. दिवाळीनंतर सहल, गॅदरिंग, सराव परीक्षा. अभ्यासक्रम कागदावर पुरा होतो. मला लाज वाटली. अगदी कान गरम होईपर्यंत वाटली.

दुसऱ्या दिवशी भिंगाचा धडा काढला. पहिल्या बाकावरची पोरगी म्हणाली, "सर, हा तुम्ही घरी वाचायला दिलाय." म्हटलं, गप बस आणि फळ्याकडे बघ. खिडकीत सासूबाई उभ्या, एका हातात पळी, दुसऱ्यात फोन, आणि त्यांचं धावतं वर्णन चालू, "आयकू यायलंय का गं? आता मास्तर फळा पुसायलेत. आता खोकलेत."

मार्चमध्ये मुकादमाच्या हातापाया पडून मावशी पेपरांना आल्या. पोखर्णीच्या नरसिंहाला नारळ बोलून आल्या होत्या. विज्ञानाचा दुसरा पेपर सुटला तेव्हा मी केंद्राच्या फाटकाशी उभा होतो, स्वतःच्या निकालासाठी कधी उभा नव्हतो तसा.

"कसा गेला?"

"लिवलाय सगळा. हात दुखायलाय. कोयत्यानं कधी एवढा दुखला न्हाई."

विज्ञानात बावन्न मिळाले. घरी येऊन माझ्या पाया पडायला वाकल्या, तसा मी मागे सरकलो. "मावशी, माझ्या नका पडू," म्हटलं, "सासूबाईंच्या पडा." त्यांना वाटलं, सर चेष्टा करायलेत.

मावशी आता कारखान्यावरच राहतात, खिचडी बाराही महिने सासूबाई करतात. मीठ अंमळ जास्तच असतं. वर्गात प्रश्न विचारला आणि शांतता पसरली, की मी अजून खिडकीकडे बघतो. मावशींची फार आठवण येते, हे सरळ सांगून टाकतो.

गेल्या डिसेंबरात आमची सहल त्या कारखान्याच्या बाजूने चालली होती. गाडी चहाला थांबली, तसा मी विचारत विचारत निघालो. उसाच्या पाल्याने शाकारलेल्या मजुरांच्या कोप्यांमागे एक पत्र्याची शेड. आत तीस-चाळीस पोरं मांडी घालून बसलेली. समोर पाण्याने भरलेली काचेची बरणी, तिच्यात तिरका ठेवलेला उसाचा तुकडा, आणि बरणीशेजारी पाठमोऱ्या मावशी.

"मोडलाय का? न्हाई. वाकडा दिसायलाय नुसता. का बरं?"

मी चप्पल काढून गुपचूप मागच्या रांगेत बसलो. शेजारच्या पोरीला हळूच विचारलं, "रोज असंच शिकवतात का गं?"

"मागं कोण बोलायलंय रे?" मावशी मागे न बघताच कडाडल्या.

बाहेर आमची गाडी हॉर्न वाजवत होती. धडा संपेपर्यंत मी उठलो नाही.