ग्लेनिस ऑर्मरॉडला तक्रार हवी होती

क्लेगडेलच्या दवाखान्यात कुणाचं दुखणं लपून राहत नसे, कारण काउंटरवर ग्लेनिस ऑर्मरॉड बसायची. तिची आई आणि आजी दोघी कापडगिरणीत मागावर होत्या. मागांच्या खडखडाटात शेजारणीशी दोन शब्द बोलायचे तर घसा ताणावा लागे, आणि तो घसा ग्लेनिसला वारशात मिळाला होता. गिरण्या कधीच्या बंद पडल्या, तिथे आता गालिचे विकतात, पण ग्लेनिसचा आवाज काही खाली आला नाही. पेशंट दारातून आत आला की काचेमागून ती विचारी, "काय राजा, परत तेच का?" आणि त्याने मान हलवायच्या आत 'तेच' म्हणजे काय हे वाट बघत बसलेल्या सगळ्यांना कळलेलं असे.

मनाने मात्र बाई लोणी. म्हाताऱ्यांची बस चुकली तर ती स्वतःच्या गाडीतून सोडायची. कुणाच्या कुत्र्याचं ऑपरेशन झालं तर त्याचीही विचारपूस करायची, तीही तेवढ्याच आवाजात. तीस वर्षं काउंटरवर बसून गाव आपल्यावर जीव टाकतं अशी तिची खात्री झाली होती, आणि ती चुकीची होती असं म्हणता येणार नाही.

त्या शरद ऋतूत तपासणी खात्याचा निरोप आला. दवाखान्याचा दर्जा आणि सुरक्षितता बघायला तपासणीस बाई येणार होत्या. त्यात नापास झालं तर दवाखान्याला टाळं लागणार आणि पेशंट आठ मैलांवरच्या मोठ्या आरोग्यकेंद्रात जाणार. त्या केंद्रात काउंटरवर माणूसच नाही. पडद्यावर बोट टेकवून आपली हजेरी आपणच लावायची. आपल्या पेशंटांना कुणी मशीनपुढे उभं करणार, या विचारानेच ग्लेनिसच्या अंगाचा तिळपापड झाला.

तिने पदर खोचला, म्हणजे कार्डिगनच्या बाह्या वर सारल्या. लसींच्या फ्रिजमधून डॉक्टरांचं चीज सँडविच बाहेर काढलं आणि डॉक्टरांना शाळेतल्या मुलासारखं झापलं. कापडी खुर्च्या हाकलून पुसता येतील अशा आणल्या. किटलीची वायर तपासून घेतली. आग विझवायच्या लाल नळकांड्यावर गेल्या नाताळापासून लटकलेली परी उतरवली. हात कसे धुवावेत याची चित्रं तिने इतक्या ठिकाणी चिकटवली की नर्स म्हणाली, आता फक्त माझ्या पाठीवर राहिलंय.

सगळं झालं आणि डॉक्टर हॅलम काउंटरशी येऊन खाकरले. इंजेक्शन देण्याआधी माफी मागायची, दिल्यावर पुन्हा मागायची, असा हा माणूस.

"ग्लेनिस, माफ कर हं, पण तक्रारींचं काय?"

"तक्रारी? आपल्याकडे एकही नाही," ग्लेनिस छाती फुगवून म्हणाली.

"तेच तर. पलीकडच्या खोऱ्यातला दवाखाना त्याच्यावरच अडकला. तिथे तपासणीस बाई म्हणाल्या, इतक्या वर्षांत एकही तक्रार नाही म्हणजे एक तर लोक तुम्हाला घाबरतात, नाही तर तुम्ही ऐकत नाही."

ग्लेनिसने आ वासला. म्हणजे आता तक्रारी गोळा करायच्या. खोट्या लिहिणं तिच्या तत्त्वात बसेना. तक्रार हवी ती खरी, जित्याजागत्या माणसाने केलेली. आणि हे क्लेगडेलमध्ये. इथे माणसाच्या डोक्यावर कौल पडलं तरी तो म्हणतो, चालायचंच, निदान पाऊस तरी नाहीये.

तिने काउंटरवर तक्रारपेटी ठेवली. आठवड्याने उघडली, तर आत एक टॉफी, चर्चच्या सोडतीचं तिकीट आणि एक चिठ्ठी निघाली. डॉक्टरांचा टाय छान आहे, त्रासाबद्दल क्षमस्व, असं तिच्यात लिहिलेलं होतं.

मग ती थेट माणसांकडे वळली. बेरिल टॅटरसॉलला त्या दिवशी दीड तास ताटकळावं लागलं होतं. ग्लेनिसने तिला कोपऱ्यात गाठलं आणि राग आला असेल ना, असं आशेने विचारलं. छे गं, बेरिल म्हणाली, तेवढ्यात माझी स्वेटरची बाही पुरी झाली. नर्सने चुकीच्या पायाला पट्टी बांधलेला एक गृहस्थ होता. त्याचं म्हणणं, पट्टी उत्तम होती, दुसऱ्या पायालाही कधी ना कधी लागलीच असती. फक्त एका बाईने दारातून गार वारा येतो एवढं पुटपुटल्यासारखं केलं. ग्लेनिस धावत कागद आणायला गेली, तोवर बाई पसार. दुसऱ्या दिवशी ती आल्याचा केक घेऊन हजर झाली, आणि काल आपण फारच बोलून गेलो म्हणून तिने डोळ्यांत पाणी आणलं. बातमी पसरली. ज्यांच्या मनात तक्रार नुसती येऊन गेली होती तेही केक आणू लागले. तपासणीच्या दिवशी दवाखान्यात केक ठेवायला जागा नव्हती आणि तक्रार एकही नव्हती.

तपासणीस बाईंचं नाव मिसेस अडेयेमी. शांत, हसऱ्या आणि हातात पेन. फ्रिज बघितला, खूश झाल्या. खुर्च्यांवरून हात फिरवला, खूश झाल्या. मग तक्रारींकडे वळल्या आणि पेन थांबलं. लोक बोलायला घाबरतात का, असं त्यांनी अगदी हळू विचारलं.

ग्लेनिसला ते झोंबलं. ती काचेच्या खिडकीतून अर्धी बाहेर वाकली. "अहो विल्फ, सांगा हो बाईंना, मी मूळव्याधीचं विचारते तेव्हा तुम्ही घाबरता का मला?"

विल्फ एंटव्हिसल, ऐंशीचा, एकेकाळचा बसचालक, चिंचोळ्या चेहऱ्याचा सज्जन माणूस. त्याने आपल्या बुटांकडे बघितलं. सगळ्यांनीच आपापल्या बुटांकडे बघितलं.

 मिसेस अडेयेमींनी औषधांच्या खोलीच्या दाराशी दोन खुर्च्या समोरासमोर टाकल्या आणि जाहीर केलं, कुणाला काही सांगायचं असेल तर मी इथे बसलेय. कुणीही हललं नाही.   शेवटी विल्फ उठला, तो त्या दाराजवळची फ्लूच्या लसीची पाटी वाचायला, कारण लांबून त्याला दिसत नव्हती.

आणि तिथेच घात झाला. विल्फ दाराशी उभा आहे म्हटल्यावर बेरिल त्याच्या मागे जाऊन उभी राहिली. बेरिल उभी म्हटल्यावर पट्टीवाले गृहस्थ. क्लेगडेलच्या माणसाला दोन पाठी एकामागे एक दिसल्या की तो तिसरा होतो, कशासाठी ते नंतर बघू. बघता बघता रांग बाहेरच्या दारापर्यंत गेली. विल्फने मागे वळून पाहिलं. आपण रांगेत पहिले आहोत हे त्याला कळलं, आणि त्याचा चेहरा पडला. एवढी माणसं मागे तिष्ठत असताना पहिल्याने काहीच न बोलता निघून जाणं, इतकं असभ्य वागणं त्याच्या सात पिढ्यांत कुणी केलं नव्हतं. तो बाईंसमोरच्या खुर्चीत बसला. त्याला कमी ऐकू येई, त्यामुळे तो बोले मोठ्याने, आणि ते साऱ्या दवाखान्याने ऐकलं.

"ग्लेनिस पोरगी सोनं आहे. पण बाई, माझी मूळव्याध बोलिंग क्लबात सगळ्यांना ठाऊक आहे. तिथे मला बसायला उशी देतात." तो खुर्चीत पुढे सरकला. "आता उन्हाळ्यापासून मला दुसरंच काही होतंय. ते सांगायला मी आलोच नाही. दर सोमवारी दारापर्यंत येतो आणि परत जातो."

"काय होतंय?"

"ते इथे कसं सांगू? गाव बसलंय मागे."

तो उठला. बेरिल बसली आणि म्हणाली, माझंही त्यांच्यासारखंच. पट्टीवाले म्हणाले, तसंच, आणि माफ करा. मिसेस अडेयेमी भराभर लिहीत होत्या. डॉक्टर हॅलम आपल्या दारात उभे राहून आनंदाने हात चोळत होते, कारण दवाखाना वाचला होता. इतक्या खऱ्या, इतक्या एकसारख्या तक्रारी कोणाकडे असतात?

ग्लेनिसला मात्र जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं. कानशिलं तापली. राग आला, मग राग कुणावर ते सापडेना, आणि मग नुसती लाज उरली. दर सोमवारी विल्फ दारापर्यंत येऊन वळायचा, ते तिने पाहिलं होतं. "आज फिरायला वाटतं" असं ती आतून ओरडायचीही.

ती उठली. पेशंटचं दुखणं विचारायला ती कधी काउंटर सोडून बाहेर आली नव्हती, आज आली. विल्फच्या कानाशी वाकली आणि जन्मात पहिल्यांदा कुजबुजली.

"काय?" विल्फ म्हणाला. "मोठ्याने बोल पोरी."

तिने पुन्हा तितक्याच हळू, माझ्या कानात सांगा, असं म्हटलं. त्याला ऐकू आलं नसावं, पण समजलं. मग त्यानेही आवाज खाली आणून तिच्या कानात काहीतरी सांगितलं, चांगलंच लांबलचक. ऐकताना ग्लेनिसचा चेहरा बदलत गेला. तिने त्याचा हात धरला आणि डॉक्टरांकडे त्याच्या आधी नंबर असलेल्या सगळ्यांना मागे टाकून त्याला थेट डॉक्टरांच्या खोलीत नेलं. हात चोळत उभ्या असलेल्या डॉक्टरांनाही तिने आत ढकललं आणि दार लावून घेतलं.

ती काउंटरमागे परत आली तेव्हा रांगेतला प्रत्येक जण तिच्याकडे बघत होता. मिसेस अडेयेमींचं पेनही थांबलं होतं. बेरिलला राहवेना.

"काय गं ग्लेनिस, काय झालंय त्याला?"

ग्लेनिसने तोंड उघडलं. तीस वर्षांच्या सवयीने अख्खं उत्तर जिभेवर येऊन उभं राहिलं होतं.

"मला काय माहीत?" ती म्हणाली, आणि काच ओढून घेतली.