सायकलच्या मुठीची काठी

ही गोष्ट सांगायची मी कित्येक वर्षं टाळली, कारण तिच्यात एक थोर माणूस आहे आणि तो मी नाही. आमच्या चौलच्या शेजाऱ्याइतके म्हाताऱ्यांचे लाड करणारा माणूस अख्ख्या किनाऱ्यावर झाला नसेल. कारखान्यातली फिटरची नोकरी संपल्यावर त्याने म्हाताऱ्यांसाठी घरगुती वस्तू बनवायचा ध्यास घेतला. माप कधी घ्यायचा नाही. एवढंच विचारायचा, "उमेदीत हातात काय असायचं?" थळच्या एका कोळीण आजीला औषधाच्या गोळ्यांचा भारी तिटकारा. तिला त्याने मासळीच्या टोपलीसारखी इवलीशी टोपली विणून दिली, आत गोळ्यांचे कप्पे. तेव्हापासून आजी दारात बसून, स्वतःशीच घासाघीस करत गोळ्या गिळू लागली.

मी निवृत्त मास्तर. गुडघे गेले तरी काठी धरणार नाही, हा माझा बाणा. कुंपणाला धरून चालायचो आणि कुणी विचारलं तर कुंपण तपासतोय म्हणायचो. त्याने माझ्यासाठी काठी आणली. तिला माझ्याच मोडक्या सायकलची रबरी मूठ आणि घंटी! "गुरुजी, ही काठी न्हाय. सायकलच हाय, चाकं तेवढी काढलीत." मी नाक मुरडलं आणि त्याची पाठ वळताच घंटी वाजवून पाहिली.

अलिबागेत बंगला बांधलेल्या मुंबईच्या एका गृहस्थांनी ती काठी पाहिली. "काय कल्पना आहे! कुणाची हो?" शेजारी माझ्या बाजूलाच उभा. दुसऱ्याच्या पाटीवरचं उतरवलं म्हणून जन्मभर पोरांचे कान पिळलेला मी म्हणालो, "माझीच." शेजारी खाली बघत म्हणाला, "व्हय, गुरुजींचं डोकं भारी चालतं."

गृहस्थांनी वडिलांसाठी काठी मागितली. मला तर साधा खिळा ठोकता येत नाही! शेवटी शेजारीच परसदारी आला. "वडील काय करायचे, तेवढं इचारा." ते एसटीचे ड्रायव्हर निघाले. त्याने गिअरच्या दांड्यासारखी मूठ घडवली आणि काठी फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिली. "तुमीच द्या. पाहुण्यांपुढं तुमची मान खाली नको."

पुढे गृहस्थांचा फोन आला. "पडले तरी काठी नको म्हणणारे बाबा आता झोपतानाही ती सोडत नाहीत. तुमचे उपकार!" शेजारी ऐकत होता, चेहरा नुसता फुललेला. फोन ठेवून मी म्हणालो, "ऐक ना..."

"बोला, गुरुजी."

"चहा घेणार?"

"घेऊ की."

नंतर कितीतरी वर्षं तो रोज संध्याकाळी ओट्यावर यायचा. मी "ऐक ना" म्हणायचो, तो "बोला" म्हणायचा, आणि मी चहा टाकायला उठायचो. यंदा तो गेला. शेवटी शेवटी त्याला घोटही गिळवत नव्हता. मी खाटेशी बसलो, तर तोच म्हणाला, "गुरुजी, आज च्या नको. बोला."

मी त्याचं पांघरूण नीट केलं.