आई गेली आणि मी जिलबी आणली

आई वारल्याचा निरोप मिळताच मी अर्धा किलो जिलबी घेतली, ही गोष्ट आमच्या घरात अजून कोणी विसरलेलं नाही.

बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. दादा सोलापुरात यंत्रमागावर, मी कचेरीत कारकून. आजारी आई मोहोळला आक्काकडे. त्याच आठवड्यात ती आमच्याकडे यायची होती. सुट्टी होती, म्हणून दादाचा डबा घेऊन मी कारखान्यात गेलो. चाळीस माग एकदम खडखडत होते! त्या आवाजात दादा आणि त्याचे सोबती आरामात गप्पा मारायचे (निम्मं ओठांकडे बघून). मला स्वतःचा खोकलाही ऐकू येत नव्हता. घरी भिंतीपलीकडची कुजबुज टिपणारा मी, तिथं ठार बहिरा!

मोहोळचा माणूस निरोप देऊन नुकताच आमच्या घराकडं गेला होता. दादा ओरडला, "आई गेली!"

मला ऐकू आलं, 'आई आली.'

"बरं झालं की!" मी आनंदानं ओरडलो. "लई दिवस वाट बघत होतो!"

दादाला शब्द न् शब्द कळला. त्याचे डोळे लाल. (मला वाटलं, कापसाची धूळ!)

"जिलबी आणतो!" म्हणून मी सुटलोच.

घरी वहिनीपुढं पुडा धरला. "आई कुठाय?"

"भावजी, असं काय करताय ओ?" तिला हुंदका आवरेना. "आई गेल्या की!"

पाक मनगटावरून ओघळत राहिला.

मोहोळच्या वाटेवर मी दादाला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मला वाटलं, सुटली एकदाची त्रासातनं, म्हणून तू बरं झालं म्हणतोस."

"आणि जिलबी?"

"ते मात्र कळंना बघ."

महिन्याभरानं दादा-वहिनीनं मला कानाच्या डॉक्टरकडं नेलं. "कान उत्तम आहेत," डॉक्टर म्हणाले. "गोंगाटातून शब्द वेगळे काढायचं काम डोक्याचं. कुणाला जमतं, कुणाला नाही."

"म्हंजे खोट डोक्यातच हाय की!" वहिनी म्हणाली.

बाहेर ट्रकचे हॉर्न कोकलत होते. दादा म्हणाला, "आक्का सांगत होती, आई शेवटी तुझंच नाव घेत होती."

या वेळी अक्षर न् अक्षर ऐकू आलं. तरी मी म्हणालो, "काय?"

दादानं परत सांगितलं. मी परत म्हणालो, "काय?"

"येडं खरंच बहिरं हाय!" म्हणत दादा तिसऱ्यांदा ओरडला, आणि भर रस्त्यात रडणाऱ्या कारकुनाला बघायला गर्दी जमली.