एल्डन पर्डीची गुणकारी बेरी

कॅनडातल्या आमच्या कंबरलँडमध्ये एल्डन पर्डीला रानब्लूबेरीचं कौतुक करायला निमित्त लागत नाही. शनिवारच्या बाजारात त्याचं टेबल माझ्या ओटकेकच्या, म्हणजे ओटच्या बिस्किटांच्या, टेबलाला लागूनच, त्यामुळे त्याच्या आतड्यांची कथा मला तोंडपाठ आहे.

"मोठ्या आतड्यात व्रण. सारखं रक्त. वाळून काटकी झालो होतो," तो गिऱ्हाइकाला सांगे आणि बेरीच्या पावडरची बरणी पुढे सरकवे. "रोज दोन चमचे. आता बघा."

गिऱ्हाईक बघे. गुटगुटीत, लालबुंद एल्डन म्हणजे चालतीबोलती जाहिरातच. पावडरीबरोबर तो रोज डॉक्टरांची गोळीही घेतो, एवढं मात्र कथेत नसे. रक्ततपासणीला मीच त्याला गाडीतून नेते, म्हणून मला ठाऊक. एकदा मी छेडलंच.

"गोळी राबते आणि हारतुरे बेरीला का रे?"

"अगं, ती आतड्यावरच उलटलेली प्रतिकारशक्ती दाबायची गोळी," तो पुटपुटला. "सगळं जग शक्ती वाढवायला निघालंय. बेरीवाल्याने काय सांगायचं, मी दाबून ठेवतो म्हणून?"

"बेरी जोमाने यावी म्हणून दर दुसऱ्या वर्षी झुडपं भुईसपाट छाटतोस, तेव्हा नाही लाजत?"

यावर तो बरण्या पुसत बसला.

शाळेची बस चालवणाऱ्या लीआला हाच आजार. लहानपणी याच्याच शेतात ती बेरी तोडायला शिकली, त्यामुळे एल्डनचा शब्द तिला वेदवाक्य. उन्हाळ्यात तिने आपली गोळी परस्पर बंद केली आणि दोन चमचे सुरू केले. शाळा उघडली तेव्हा ती हॅलिफॅक्सच्या इस्पितळात होती. तात्पुरत्या औषधाने रक्त थांबलं, पण डॉक्टर म्हणाले, गोळी पुन्हा सुरू केली नाही तर आतडं काढायची वेळ येईल. लीआ ऐकेना. एल्डनकाका नुसत्या पावडरीवर बरे झाले, मग मीच का गोळी घेऊ, हे तिचं पालुपद.

मला एल्डनचा संताप आला. त्याला गाडीत घातला. पठ्ठ्याने भेट म्हणून बरणी घेतली होती. ती मी त्याच्या मांडीवरून उचलून मागे टाकली.

इस्पितळात नर्स गोळी घेऊन उभी होती आणि लीआने भिंतीकडे तोंड फिरवलं होतं. बाजारात तासभर उभ्याने बोलणारा एल्डन खुर्ची ओढून तिच्या पाठीशी बसला.

"पोरी, मीही हीच गोळी घेतो," तो म्हणाला. "रोज. पावडरीच्या आधीपासून."

लीआ वळली. तिचा चेहरा एवढासा झाला होता. "मग बाजारात कधी बोलला नाहीत?"

"गोळीची गोष्ट कोण ऐकतं गं?"

"मी ऐकली असती, काका," ती म्हणाली, आणि तिने नर्सपुढे हात केला.