पुराचा चिवडा

आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या काकूंचा गोदावरीवर काडीचाही भरवसा नाही. पावसाळा जवळ आला की त्या दाराजवळच्या खुंटीला दोन सॅक भरून अडकवतात. निळी स्वतःची, लाल काकांची. पाणी चढलं तर त्या उचलून तिसऱ्या मजल्यावर माझ्या घरी यायचं, हे ठरलेलं. सॅक भरली की काकांनी ती पाठीला लावून माझ्या दारापर्यंत चढून दाखवायचं. ते धापा टाकायला लागले, तर काकू जिन्यातच त्यातली एखादी चादर कमी करतात. औषधं, टॉर्च आणि चिवड्याचा डबा मात्र हलत नाही.

काकांचा सगळा जीव त्या डब्यात.

"मूठभर घेऊ का गं?"

"अहो, हात लावू नका. तो पुराचा आहे."

चिवडा सादळला, की मगच काकांच्या वाट्याला येतो. डब्यात लगेच ताजा. मला वाटायचं, काय हा जाच!

गेल्या वर्षी नदीपात्रातला दुतोंड्या मारुतीचा उंच पुतळा छातीपर्यंत बुडाला आणि पाणी आमच्या गल्लीत शिरलं. दोघं सॅक लावून वर आले. काकूंनी आधी डबा काढला आणि माझ्या हातात दिला.

"काकू, हा तर तुमच्यासाठी ठेवलेला ना?"

"छे गं! तुझ्याकडे राहायला यायचं, तर रिकाम्या हाताने कसं यायचं?"

मी चिवडा बशीत काढला. काकांनी सवयीने आधी काकूंकडे पाहिलं.

"घ्या की आता," काकू म्हणाल्या. "आता आपण पाहुणे आहोत."