सासूबाईंनी पाहिलेलं यंत्र

आमच्या संस्थेतल्या सामाईक सूक्ष्मदर्शक-कक्षाच्या प्रमुख बाईंना आम्ही पाठीमागे सासूबाई म्हणतो. सून पारखावी तशी त्या यंत्रं पारखतात.

जिवंत पेशींचं चित्रण करायला नवा कॉन्फोकल, म्हणजे लेझरच्या उजेडात पाहणारा, मायक्रोस्कोप घ्यायचा होता. पहिल्या कंपनीचा माणूस आपल्याच नटवलेल्या काचपट्ट्या घेऊन आला. बाईंनी त्या बाजूला सारल्या.

"उसने दागिने नकोत. आमच्या पेशी घ्या आणि संध्याकाळपर्यंत चित्रण करा."

त्यानं लेझर भरपूर वाढवला. पडद्यावर असा लखलखाट झाला, की आमचे संचालकसाहेब "वा! वा!" करत खुर्चीतून उठले. चकचकीत काही दिसलं की हा माणूस पाघळलाच! त्या प्रखर उजेडानं संध्याकाळी पेशी आक्रसून गोळा झाल्या, हलेनाशा झाल्या. तोवर साहेब घरी पोचले होते.

दुसऱ्या कंपनीचं यंत्र मंद उजेडावर भागवणारं. चित्र जरा खरखरीत, पण संध्याकाळी पेशी एकीच्या दोन होत मजेत संसार वाढवत होत्या. बाईंनी तेच पसंत केलं.

साहेब बिथरले. "अहो, पहिल्याचा फोटो किती देखणा होता!"

"म्हणून तर दारावर लावलाय."

साहेब बघायला गेले. फोटोखाली टपोऱ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'कै. पेशी'.

"कै. म्हणजे कंपनीचं नाव का हो?"

"नाही साहेब, कैलासवासी," बाई म्हणाल्या. "समाधान एवढंच, की तुमची वाहवा ऐकत गेल्या."